भर थंडीत काढलेली कवेलू

आमच्या चिचगडकडे छपरावरची कवेलू, तुमची कौलं, काढायचा एक काळ ठरलेला असतो. मे महिना सरत आला, पाऊस तोंडावर आला की घरोघरची माणसं वर चढतात, फुटकी कवेलू काढतात, बरी असतील ती पुन्हा बसवतात, माकडांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि उतरतात. भर थंडीत छपराला कोणी हात लावत नाही. मी लावला. तोही खाली खोलीत जिता माणूस असताना. गावात अजून माझी ओळख ‘नवऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर काढणारी’ अशीच आहे. असो बापडी. मी मुळातच तापट बाई, आणि लोकांच्या तोंडाला लागायचं म्हटलं तर दिवस पुरायचा नाही.

नवरा माझा उन्हाचा लोभी. थंडीच्या दिवसांत सकाळची कामं आटोपली की अंगणात खाट टाकायचा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर घ्यायचा आणि पडून राहायचा. पडला की थोड्या वेळानं त्याच्या उजव्या पायाचा अंगठा आपोआप हलायला लागायचा. मन खूश असलं की अंगठा हले, बिनसलं की थांबे. लग्नानंतर पहिल्या थंडीतच मला कळलं होतं की ह्या माणसाच्या तोंडाकडे पाहून काही समजत नाही, अंगठ्याकडे पाहावं. आमची पोट्टी रांगायला लागली तेव्हा तिनंही पहिल्यांदा काय पकडलं असेल तर तो अंगठा. तो म्हणायचा, “सोड ना वो!” ती सोडायची नाही. मग तो मरणाचं दुखल्यासारखं ओरडायचा आणि ती खिदळायची. हा रोजचा खेळ होता. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि दोघांनाही ओरडायची, कारण कामाच्या वेळी खिदळणं मला आवडत नसे.

आता अस्वलाचं सांगते.

चैत्रात मोहफुलं गळतात, तीही पहाटे. झाड जंगलात असलं तरी कोणतं झाड कोणाचं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, आणि ठाऊक असूनही लोक दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली घेऊन बसतात. म्हणून ज्याला आपली फुलं हवी त्यानं उजाडायच्या आत झाडाखाली हजर व्हायचं. दुसरी रीत अशी की फुलं गळायला लागायच्या आधी झाडाखालचा पाचोळा पेटवून द्यायचा. जमीन साफ होते, काळी होते, आणि काळ्यावर पिवळट फुलं अंधारातही दिसतात. जंगलखात्याची माणसं ओरडतात, आम्ही मान हलवतो आणि पेटवतो. आज्या-पणज्यापासून हेच चालत आलं.

त्या पहाटे तो पुढे होता, डोक्यावर टोपली. मी मागे, हातात कुऱ्हाड, येताना सरपण आणायचं म्हणून. पोट्टी घरी सासूजवळ झोपली होती. एरवी पाचोळ्यावरून उंदीर पळाला तरी आवाज येतो. पण पाचोळा आम्हीच जाळला होता. एरवी वाळल्या पानांवर काळं जनावर दिसलं असतं. पण जमीन आम्हीच काळी केली होती. त्या काळ्यावर काळं अस्वल बसून मुकाट्यानं फुलं खात होतं, आणि माझ्या नवऱ्याला वाटलं की परवाच्या आगीत जळलेला बुंधा आहे. त्यानं टोपली त्याच्या शेजारी ठेवली.

बुंधा उठून उभा राहिला.

मला आधी आवाज ऐकू आला, फडकं फाडावं तसा. मग नवऱ्याचा. अस्वल त्याच्या छातीवर होतं आणि तोंडावर तोंड घालत होतं. त्याचे पाय जमिनीवर आपटत होते, राख उडत होती. बाया किंचाळतात म्हणतात. मी किंचाळले नाही. मी शिव्या दिल्या, आपल्या झाडाखाली कोणी फुलं चोरताना सापडलं की देते तशा. “मुडद्या, सोड त्याले! सोड म्हणतो ना तुले!” आणि कुऱ्हाड घातली. पहिला घाव केसांतच अडकला. दुसरा पाठीत बसला. तिसऱ्याला त्यानं माझ्याकडे तोंड फिरवलं आणि मी त्याच्या नाकाडावर सगळ्या ताकदीनं कुऱ्हाडीचा उलटा मार दिला. ते भुंकल्यासारखं ओरडलं आणि पळालं. रक्ताचा वास आणि मोहाचा वास एकत्र आला होता. मोहाचा वास मला आजही सहन होत नाही.

तेवढ्यात ऊन आलं. झाडांमधून आडवं, कोवळं ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं आणि मला दिसलं काय राहिलं आणि काय गेलं ते. डावा डोळा गेला होता. डावा कान गेला होता. गाल उघडा पडला होता. मी पदरानं तो गाल जागेवर दाबून धरला आणि त्या उन्हाला शिव्या दिल्या. उजव्या डोळ्यानं तो माझ्याकडे पाहत होता. मी त्याचं तोंड पाहून काय तोंड केलं, ते त्यानं पाहिलं.

देवरीला नेलं, तिथून गोंदियाला. टाके पडले, पुन्हा पडले, मांडीची कातडी काढून गालाला लावली. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको मला रोज म्हणायची, “हिम्मत रखो बाई, जान बची ना.” जान वाचली, खरं होतं. पट्ट्या निघाल्यावर कामठ्याला राहणारा माझा भाऊ पोट्टीला गावाहून घेऊन आला. सहा वर्षांची पोर, बापाला भेटायचं म्हणून नवा फ्रॉक घालून आली होती. तिनं खाटेकडे पाहिलं आणि किंचाळली, “अस्वल! अस्वल!” मामाच्या पायाला विळखा घालून बसली, फ्रॉक ओला केला. तिला बाहेर नेईपर्यंत सगळा वॉर्ड आमच्याकडे पाहत होता. नवऱ्याचा एक कान गेला होता, पण दुसरा चांगला होता. त्यानं ऐकलं.

पावसाळ्याच्या तोंडावर घरी आलो. घरात मागच्या बाजूला धानाचा ढोला, म्हणजे बांबूची मोठी कणगी, ठेवायची खोली आहे. तो तिथे गेला. एक खिडकी होती, तिच्यात पोती कोंबली. दाराला आतून कडी घातली. बाहेर निघायचा तो सगळे झोपल्यावर, आणि कोंबडा आरवायच्या आत परत. “पोट्टीले इकडे येऊ देऊ नोको,” एवढंच म्हणाला.

सासूला ते पटलं. सासू दुष्ट नाही, पण तिच्याजवळ सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय, झाकून ठेवणं. लोणच्यालाही तेच आणि पोरालाही तेच. “राहू दे वो त्याले अंधारात,” ती म्हणे. “अंधारात बरं वाटते त्याले. कायले उकरते?”

बरं? आम्हाला भिंतीतून धप धप ऐकू यायचं. तो डोकं आपटायचा. ताट दाराशी ठेवलं की अर्धं तसंच परत यायचं, कधी दारावर फेकलेलं. एकदा कडी निघालेली पाहून मी आत घुसले. आत अंधार, ओल, मुतारीसारखा वास. “अजी, निघा बाहेर,” म्हटलं, तर पितळी लोटा येऊन माझ्या भुवईवर बसला. खूण अजून आहे. रक्त डोळ्यात आलं आणि माझं डोकं फिरलं. मी तोच लोटा उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. त्यानं माझे केस धरले, मी त्याच्या हाताला चावले. सासू दारात उभी राहून दोघांनाही झाडणीनं झोडपत होती आणि रडत होती. शेवटी त्यानं मला ढकलून बाहेर काढलं आणि कडी घातली. संसार म्हणायचा का कुस्तीचा आखाडा, सांगा.

सगळा पावसाळा असा गेला. पोट्टी हळूच विचारायची, “आई, खोलीत अस्वल आहे ना?” आणि मी तिला थोबाडीत मारायची. मग तिनं विचारणं सोडलं. तिच्या डोक्यात काय शिजतंय हे मला कळलं नाही. मला फक्त एवढं कळत होतं की घरात बोलणं कमी आणि फेकाफेक जास्त झाली आहे, आणि मी कोणाचा तरी जीव घेईन किंवा माझा जाईल.

धान कापणीला आलं तेव्हा एका संध्याकाळी तो दाराआडून बोलला. ओठ फाटून शिवलेला, त्यामुळे शब्द ओले ओले यायचे. “धानाचा चुरणा झाला का पोट्टीले तुह्या भावाकडं पाठव. तठीच शिकू दे, तठीच राहू दे. कायमची. मग मी निंघीन बाहेर.”

“आणि नाई पाठवली तं?”

“तं मी नाई निंघत. आणि जेवत बी नाई.”

सासू म्हणाली, बरोबरच आहे, पोर मामाकडे सुखात राहील, बाप तरी जगेल. एकीकडे नवरा, एकीकडे पोर, निवड म्हणे. त्या रात्री मी चुलीवरचं मातीचं भांडं उचलून अंगणात फोडलं. भात होता त्यात, सगळ्यांचा.

कापणी मीच केली, दोन बाया मदतीला घेऊन. कापलेल्या धानाचा कडपा बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उन्हात पसरून ठेवला की मधे काही करायचं नसतं, तो वाळायची वाट पाहायची. आम्ही शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून भाकर खायचो. कार्तिकातलं ऊन, पाठीला लागणारं, चटका न देणारं. पोट्टी बांधीत टोळ पकडत होती. एक बाई आपल्या सुनेची नक्कल करून दाखवत होती आणि मी हसले. हसल्यावर मलाच नवल वाटलं. हाताकडे पाहिलं तर मूठ उघडी होती. महिनोन्‌महिने मी हात मुठीतच ठेवून फिरत होते, झोपतही तशीच होते. त्या दिवशी मी पोरीवर हात उचलला नव्हता, कोणाला शिवी दिली नव्हती. घरी आले, त्या दाराजवळून गेले, अंधाराचा वास नाकात शिरला आणि पुन्हा मूठ वळली. दुसऱ्या दिवशीही तसंच. बांधीत मूठ उघडी, घरात बंद.

मी काही डॉक्टर नाही. पण रोज रोज तेच दिसत असताना न समजणारी बाई बावळट म्हणायची. माणूस काय, कोंबडीसुद्धा सकाळी पंख पसरून उन्हात बसते. टोपलीखाली झाकलेलं गवत पिवळं पडतं, आणि आम्ही घरचा जिता माणूस झाकून ठेवला होता.

मी दाराशी गेले, जमेल तेवढ्या गोडीनं म्हणाले, “अजी, थोडं उन्हात बसा ना. मागच्या परसात, सांदवाडीत बसा, कोणी नाई पाहत.”

“ऊन कायले? हे थोबाड दाखवाले?” आतून आलं. “उन्हातच पाहिलं ना तू. तुहं तोंड कसं झालतं, मी बी पाहिलं.”

खरं होतं ते.

चुरणा झाला, धान मळून घरात आलं. सकाळी भाऊ मोटरसायकल घेऊन आला. सासूनं पोरीची पिशवी भरून ठेवली होती. पोर ओसरीच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून बसली. रडत नव्हती, नुसती धरून बसली. सासू तिची बोटं एकेक करून सोडवत होती, एक सोडवलं की दुसरं पुन्हा धरायची. भाऊ खाली मान घालून उभा. आणि दाराआड तो, कान देऊन ऐकत असणार, एका कानानं.

मी म्हणाले, “शिडी कोठी आहे?”

भाऊ म्हणाला, “काऊन वो बाई?”

“शिडी आण म्हटलं ना!”

माझा आवाज ऐकून त्यानं काही न विचारता शिडी आणली. मी लुगड्याचा काष्टा खोचला आणि वर चढले. त्या खोलीवरचं पहिलं कवेलू उपटलं आणि अंगणात फेकलं. फुटलं. दुसरं, तिसरं. हाताला येईल ते. सासू खांब सोडून अंगणात धावली. “अवो बयाड झाली का तू? हिवाळ्यात कोणी कवेलू काढते? लेकराच्या अंगावर पडन!” शेजारपाजार जमला. कोणी म्हणालं, बाईच्या अंगात आलं. आलंच होतं.

कवेलूखाली बांबूच्या कमच्या, आणि कमच्यांच्या फटींतून उन्हाचे पट्टे खाली पडले. वर्षानुवर्षांची धूळ, चिमण्यांची घरटी, एक मेलेला विंचू, सगळं त्याच्या खाटेवर. तो ओरडत उठला, गमछा तोंडावर ओढला आणि कोपऱ्यात पळाला. मी त्या कोपऱ्यावरची कवेलू काढली. तो दुसऱ्या कोपऱ्यात गेला. मी सरकत सरकत तिथे गेले आणि तोही कोपरा उघडला. उंदराच्या मागे मांजर लागावं तशी मी त्याच्या मागे लागले होते. ढोल्याच्या मागे लपला, मी ढोल्यावरचं छप्पर काढलं. तो खालून हाताला लागेल ते फेकू लागला. लोटा आला, काठी आली, कवेलूचा तुकडा परत वर आला आणि माझ्या हनुवटीला लागला. “मारून टाकीन तुले!” तो ओरडत होता. “टाक ना!” मी ओरडत होते. “वर ये आणि टाक! बाहेर तं ये!”

तेवढ्यात माझ्या पायाखालची कमची मोडली आणि पाय मांडीपर्यंत आत गेला. त्यानं माझा घोटा धरला आणि ओढला. पडले असते तर मानच मोडली असती. मी दोन्ही हातांनी मयालीला, छपराच्या आडव्या लाकडाला, मिठी मारली आणि दुसऱ्या पायानं लाथ मारली. कुठे लागली माहीत नाही. पुन्हा मारली. लग्नापासून मी त्याला अहो-जाहोच केलं होतं, त्या दिवशी छपरावरून सगळ्या गावादेखत म्हणाले, “अस्वलानं नाई मारला तुले, तू सोताच मरून राहिला! आणि माही पोट्टी कोठीच नाई जात! समजलं का?”

त्यानं पाय सोडला. त्याच्या अंगात दम राहिलाच नव्हता. खोलीच्या मधोमध, जिथे उभा होता तिथेच बसला, गमछा डोक्यावरून ओढून, गुडघ्यांत मान घालून. पाठीवर ऊन. मी वरून पाहिलं, पाठीची हाडं मोजता आली असती. मला एकदम रडू आलं आणि मी छपरावर बसून मोठ्यानं रडले, हनुवटीतून रक्त गळत होतं ते फ्रॉकनं पुसायला पोट्टी वर येते की काय म्हणून भावानं तिला कडेवर उचलून धरलं होतं. दुपार होईपर्यंत मी वर बसून राहिले. दुपार होईपर्यंत तो खाली हलला नाही. सावली एका बाजूनं यायला लागली तेव्हा तो बसल्या बसल्या थोडा उन्हाकडे सरकला. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. माझ्या स्वभावाला ते जड गेलं.

भाऊ एकटाच कामठ्याला परत गेला.

कवेलू मी पुन्हा बसवली नाहीत. रात्री थंडी कडक, दव पडतं, म्हणून अंधार पडला की ताडपत्री ओढायची आणि सकाळी ऊन आलं की काढायची. रोज सकाळी तो मला शिव्या द्यायचा, मी वरून परत द्यायची. शेजारीण म्हणायची, यांच्याकडे कोंबडा पाळायची गरज नाही. आठवडाभर असं चाललं. मग खालून आवाज यायला लागला, खाट ओढल्याचा. ऊन सरकलं की खाट सरकायची. सकाळी ढोल्यापाशी, दुपारी दारापाशी. मग ताट पुसून परत यायला लागलं. मग एक दिवस दाराआडून, “तेल दे थोडं. अंगाले लावाचं आहे.” मी मोहाचं सोडून जवसाचं दिलं. भिंतीवरची धप धप कधी बंद झाली ते आमच्या लक्षातच आलं नाही, बंद झाल्यावर दोन-चार दिवसांनी सासू म्हणाली, “अवो, रात्रीचा आवाज नाई येत आता.” आणि स्वतःच डोळे पुसत आत गेली.

शिव्याही बदलल्या. आधी तो मला आणि देवाला द्यायचा. नंतर माकडांना द्यायला लागला, उघड्या छपरावर बसून ती त्याला दात दाखवायची म्हणून. माणूस माकडांवर चिडायला लागला म्हणजे त्याला जगायचं आहे असं मी धरून चालले.

पण दाराची कडी तशीच होती. दिवसा निघायचं नाव नाही. “पोट्टी आहे ना बाहेर,” एवढंच म्हणायचा. आणि पोट्टी त्या दाराच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. मी वर चढले की ती आवारातल्या बोरीखाली जाऊन उभी राहायची आणि माझ्या हातातल्या ताडपत्रीकडे पाहत राहायची. माझं अर्धंच काम झालं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याला फोडायला माझ्याजवळ काही नव्हतं.

त्या दिवशी मी अंगणात सूप घेऊन धान पाखडत होते. सासू बाजारात गेली होती. मान वर केली तर पोट्टी छपरावर. शिडी मीच लावून ठेवलेली. माकडाच्या पोरासारखी चार पायांवर उघड्या जागेपर्यंत गेली होती आणि तिच्या हातात कवेलूचा मोठा तुकडा होता, टोकदार. मी उठले. ओरडणार तोच लक्षात आलं, दचकली तर पडेल. कमच्या सडक्या, मीच त्यांच्यातून गेले होते.

ती गुडघ्यांवर उभी राहिली आणि तुकडा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. तेव्हा मला कळलं. महिनोन्‌महिने ही पोर काय समजत होती ते कळलं. आईनं कुऱ्हाडीनं अस्वलाला मारलं, तरी त्यानं बापाला खाल्लं आणि आमच्या खोलीत येऊन राहिलं, आईवर लोटे फेकतं, आई छपरावरून त्याला मारते पण ते मरत नाही. आता हिनं मारायचं ठरवलं होतं. खाली तो उन्हात झोपलेला असणार, सदरा काढून, तोंड उघडं. ह्या वेळी तो रोज झोपायचा. तुकडा डोक्यावर पडला तर संपलंच. मी सूप टाकलं आणि शिडीकडे पळाले, पण तोंडातून आवाज निघू दिला नाही. माझ्या तोंडातून, जिचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जातो.

ती तशीच उभी राहिली. हात वर. किती वेळ, देव जाणे. खाली वाकून पाहत होती.

“आई,” ती म्हणाली, ओरडून नाही, मी जवळच आहे हे माहीत असल्यासारखी. “अंगठा हलून राहिला.”

मी शिडीच्या मधल्या पायरीवर होते.

“आई, अठी अस्वल नाई वो. बाबा होय.”

तुकडा तिनं बाजूला ठेवला, नीट, कवेलूवर कवेलू ठेवतात तसा. आतून खाट करकरली. तो जागा झाला होता. वर पाहत असणार, भर उन्हात, गमछा घ्यायला वेळच मिळाला नव्हता. दोघं एकमेकांकडे पाहत होते आणि मला कोणीच दिसत नव्हतं, फक्त पोरीची पाठ आणि तिची सुटलेली वेणी.

“उतर खाली,” आतून आवाज आला, ओला, फाटका. “पडशीन.”

“तुम्ही काऊन नाई येत बाहेर?” ती म्हणाली. “अठी लय ऊन आहे.”

मी तिच्या कमरेला धरलं, ओढून खाली आणलं आणि अंगणात पाय टेकताच पाठीत एक धपाटा घातला. ती रडली नाही. दाराकडे पाहत उभी राहिली. मग कडी निघाली. भर दुपारी निघाली.

तो बाहेर आला, उजव्या डोळ्यावर हात धरून. उघड्यावरचं ऊन त्याला सोसत नव्हतं. ओसरी उतरून अंगणात आला. हात खाली केला. पोर त्याच्या तोंडाकडे पाहून जागच्या जागी थांबली. भीती वाटलीच तिला, मला दिसलं ते. ओठ वाकडा झाला. मग ती चार पावलं पुढे गेली, खाली बसली आणि त्याच्या पायाचा अंगठा दोन्ही हातांनी गच्च धरला.

“सोड ना वो,” तो म्हणाला.

तिनं नाही सोडला.